गवळ्याचा गुडघा

गुडघेदुखीवर सल्ला देणारी माणसं कोल्हापुरात पैशाला पासरी मिळतात. एरंडाचं पान बांधा, मेथ्या गिळा, मीठ गरम करून शेका, आणि कशानंच जमलं नाही तर अमक्या गावच्या माणसाकडून चोळून घ्या. यातलं बहुतेक सगळं मी करून बसलोय, त्यामुळं त्यात भर घालायची मला हौस नाही. मला लिहायचंय ते भीतीबद्दल. दुखतंय का, हे मला सगळ्यांनी विचारलं. भ्यायलायस का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोललो नाही. आज ज्याचा गुडघा दुखतोय आणि जो चारचौघांत हसून वेळ मारून नेतोय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

मी गवळी. घराणं लिंगायत, धंदा पिढीजात. संध्याकाळी आम्ही म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जातो. गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत काढलेलं कोमट, फेसाळ दूध आम्ही त्याच्या हातात देतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही. धार काढायची ती उकिडवं बसून, चरवी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून. हातांचं कसब सगळ्यांना दिसतं. गुडघे काय करतात ते कुणाच्या ध्यानात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

पाडवा

दिवाळी पाडव्याला आमच्यात म्हशी सजवून पळवायची रीत आहे. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं, कपाळावर मोरपिसं. मालक हाका देत पुढं पळतो आणि म्हैस त्याच्या आवाजामागं धावते. बरेचजण मोटरसायकलवर बसून पळवतात. मी पायी पळायचो आणि त्याचा मला माज होता. माझ्या मैनेला दावं लागत नाही, माझी एक हाक बास होते, हे मी वर्षभर सांगत फिरायचो.

त्या पाडव्याला मी हाक दिली, पळालो, आणि भर रस्त्यात उजवा गुडघा सुटला. दुखला नाही, सुटला. जिना उतरताना पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं झालं. मी तोंडावर पडलो. मागून घुंगरांचा आवाज जवळ येत होता आणि मला अंग हलवता येत नव्हतं. मैना मला ओलांडून गेली. तिचा मागचा खूर माझ्या कानाशेजारी डांबरावर आपटला. एवढी मोठी म्हैस, तिनं मला साधं खरचटूही दिलं नाही. पुढं जाऊन ती थांबली आणि वळून माझ्याकडं बघत राहिली.

लोकांनी उचललं. मी धूळ झटकली आणि पाय घसरला म्हणून हसलो. हसताना माझे दात वाजत होते.

वंगण

गल्लीतल्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, उजेडाकडं धरून बघितला आणि झीज सुरू झालीय, वयाचं आहे म्हणाले. गल्लीनं त्याचं आपल्या भाषेत करून टाकलं: मल्लाप्पाच्या गुडघ्यातलं वंगण संपलं.

आता वंगण संपलं म्हटल्यावर गवळी काय करेल? मी तूप वाढवलं. भाकरीवर तूप, भातावर तूप, आणि दोन्ही वेळा कासेखालचं ताजं दूध लोटाभर. जन्मभर गिऱ्हाइकाला एकच सांगत आलोय, दूध प्या, हाडं लोखंडागत होतील. मग माझंच हाड कमी पडतंय म्हणजे माझंच पिणं कमी पडत असणार, असा सरळ हिशेब. शिमगा येईपर्यंत सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली आणि ते सगळं वजन रोज त्याच गुडघ्यावर बसू लागलं.

लंगडणं लपवायचं हे दुसरं काम. दूध विकणाराच लंगडायला लागला तर गिऱ्हाइकानं कुणाच्या तोंडाकडं बघून दूध प्यायचं? आमच्याकडं रोज येणारे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांची नजर फार तिखट.

"काय मल्लूआण्णा, लंगडतायसा काय?"

"न्हाय ओ मास्तर. नवी चप्पल चावतीया."

ती नवी चप्पल मला पाडव्यापासून शिमग्यापर्यंत चावत होती.  पण एका संध्याकाळी बघतो तर ते स्वतःच वाकून माझ्या हातातून ग्लास घेत होते, म्हणजे मला तो द्यायला उठावं लागू नये. त्यानंतर रोज तसंच. त्यांना काय कळलं होतं ते त्यांनी मला कधी ऐकवलं नाही. या आजारात माझ्या वाट्याला आलेली पहिली माया ती.

डबी

गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक पडेना तेव्हा बायकोनं, सरोजानं, मला ओढूनच हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी गुडघा वाकवून, दाबून बघितला. फोटोत दिसतंय त्यापेक्षा तुमचं दुखणं जास्त आहे, आत काय चाललंय ते बघू, असं म्हणून त्यांनी एमआरआय सांगितला.

एमआरआयच्या खोलीतला माणूस म्हणाला, अंगावरचं धातूचं सगळं काढा. करदोटा काढला, अंगठी काढली. मग त्याची नजर माझ्या गळ्याकडं गेली. आम्ही गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग बाळगतो. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ते माझ्या अंगावरून कधी उतरलेलं नाही. झोपताना नाही, आंघोळीला नाही, तापात फणफणलो होतो तेव्हाही नाही. मी त्याला म्हणालो, ही चांदी आहे, राहू दे. तो म्हणाला, चांदी असो नाहीतर सोनं, आत चालत नाही.

सरोजानं पदर पुढं केला. मी डबी काढून पदरात ठेवली आणि माझी मान एकदम हलकी झाली. ते हलकेपण मला सोसवेना.

आत नळीसारखं असतं, त्यात कमरेपर्यंत सरकवतात. गुडघा एका साच्यात आवळून टाकतात. हलायचं नाही. मग जी ठोकाठोक सुरू होते, ती पत्र्याच्या शेडवर कुणीतरी हातोडे घेऊन चढल्यासारखी. मी डोळे मिटले आणि छातीवर हात नेला, तिथं काही नव्हतं. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की हा गुडघ्याचा आजार नाही. हा मला घेऊनच जाणार.

असं वाटायला कारण होतं. आमच्या काकांच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली होती. त्यांचंही आधी असंच चाललं होतं, काही नाही, चमक भरलीय. पुढच्या पाडव्याला काका नव्हते. बाहेर आलो, सरोजानं पदर सोडून डबी माझ्या गळ्यात घातली. "एवढा घाम कशानं?" तिनं विचारलं. आत उकडतंय म्हणालो. आत थंडी वाजेल इतका गारवा होता.

फरशी

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेलो. खुर्चीवर बसायच्या आत मी विचारलं, "गाठ हाय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तो आजार नाही. बसा."

मी बसलो आणि मला रडू फुटलं. लाज वाटली, पण फुटलं. सरोजा भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत राहिली. बाईंनी मला पाणी दिलं आणि मग मागचा कागद काढून पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

"दिवसातून किती वेळ उकिडवे बसता?"

"बसत न्हाय. बसायला येळ कुठाय मला?"

"खोटं बोलू नगासा," सरोजा म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ म्हशीखाली बसतायसा की."

"ते बसणं न्हवं. ती धार काढणं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मागच्या वेळीही मी असंच, खाली बसत नाही, असं सांगितलं होतं. मी काही लपवत नव्हतो. आमच्यात धार काढणाऱ्याला कुणी बसलाय म्हणत नाही, तो कामाला लागलाय म्हणतात. म्हणून त्यांनी मला जिन्याबद्दल सांगितलं, वजनाबद्दल सांगितलं, आणि खाली बसू नका हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

मग त्यांनी पडद्यावर माझा गुडघा दाखवला. आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. त्या म्हणाल्या, "सगळे गादी झिजली म्हणतात. गादी झिजलीय हे खरंच आहे. पण तिच्यात नसा नसतात, ती झिजली तरी ओरडत नाही. ओरडतंय ते गादीखालचं हाड. हे बघा, इथं ते दगडासारखं घट्ट झालंय. इथं सूज आहे. आणि इथं आत बारीक पोकळ्या पडल्यात."

पोकळ्या म्हटल्यावर मला एकदम सगळं दिसलं. आमच्या गोठ्यात शहाबादी फरशी आहे. म्हशींचं मूत सांध्यांतून झिरपून खालचा मुरूम खचतो. फरशी वरून शाबूत दिसते, पण पाय पडला की डगडगते आणि पोकळ वाजते. म्हैस तिथं पुन्हा पाय ठेवत नाही. ओढली तरी ठेवत नाही.

"मग उचलून खाली भरून घेता येत न्हाय व्हय?" मी विचारलं.

"गोठ्यात येतं. इथं नाही."

सूज उतरू शकते, दुखणं कमी होऊ शकतं, पण घट्ट झालेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. वजन उतरवा, मांडीचे स्नायू मजबूत करा, हातात काठी घ्या, उकिडवं बसणं आजपासून बंद. एवढं करूनही नाही निभलं तर पुढं कधीतरी गुडघा बदलता येईल. मी विचारलं, बदलल्यावर धार काढायला बसता येईल का? बाई म्हणाल्या, "नाही. नव्या गुडघ्यावरही तसं बसायचं नाही."

जाताना गाठीची भीती घेऊन गेलो होतो, येताना दुसरी घेऊन आलो. काकांसारखं एकदाच काय ते होणार नव्हतं. हे पायाखालचं रोज खचत राहणार होतं आणि मला वरून काही दिसणार नव्हतं. त्या दिवसापासून मी पाऊल टाकायलाच भिऊ लागलो. घरातल्या घरात भिंत धरून चालायचो. कुणी हात पुढं केला की खेकसायचो. सरोजानं काठी आणून दाराशी ठेवली, ती मी अंगणात भिरकावली. ती उचलून आणून तिनं पुन्हा तिथंच ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पान्हा

आता खरं सांगायचं ते सांगतो. बाईंनी नको म्हटलं तरी मी धार काढायला बसत होतो, कारण मैना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. श्रावणात व्याल्यापासून तिला माझाच हात माहीत. पण आता तिच्या पोटाखाली बसलो की माझं सगळं लक्ष तिच्या मागच्या पायाकडं असायचं. गुडघा अडकला आणि हिनं पाय झाडला तर मला उठून बाजूला होता येणार नाही, एवढं एकच डोक्यात. तिनं माशी उडवायला शेपटी हलवली तरी मी दचकायचो. जिच्यावर मी माज केला, त्या माझ्या म्हशीला मी भ्यायला लागलो होतो. गवळ्यानं म्हशीला भ्यायचं, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

मी सांगितलं नाही. मैनेनं सांगितलं. तिचं दूध पाडव्यापासूनच थोडं थोडं उतरत होतं, ते मी वैरणीवर ढकललं होतं. रिपोर्ट आला त्या आठवड्यात तिनं सरळ पान्हा चोरला. कास भरलेली, सडं ताठ, मी ओढतोय आणि चरवीचा तळ नुसता ओला होतोय. म्हैस दूध वर ओढून धरते तेव्हा माणसाच्या जोराचा काही उपयोग नसतो. समोर गिऱ्हाइकं थांबलेली.

"आज मैनेचा उपास हाय वाटतं," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

धाकटा भाऊ शिवा बाकीच्या म्हशी बघतो. त्यानं दोनदा हात लावून बघितला, दोन्ही वेळा मैनेनं त्याला लाथेनं बाजूला केलं. कासेत दूध तसंच राहिलं की ते गोठतं, कास सुजते, सड कायमचं जातं. शिवा ते जाणून होता.

"आण्णा, ऐक माझं," तो म्हणाला. "आटायच्या आत बाजार दाखवू हिला. उद्या कास सुजली तर कोन इचारनार न्हाय."

"माझी म्हस हाय ती."

"तुजी हाय म्हनूनच इचारतोय. तिच्याखाली तू बसनार कसा? आन तू न्हाय तर कोन?"

मी त्याला घरातून चालता हो म्हणालो. त्यानं रविवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं आणि गेला. तो चुकीचं काही बोलला नव्हता.

सरोजा

त्या दुपारी सरोजा गोठ्यात शेण काढत होती. मी दाराला टेकून उभा होतो. मैनेच्या मागच्या पायांजवळ ती वाकली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हो बाजूला. मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"हिचं. पाडव्यापासनं."

ती हसेल असं मला वाटलं. तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. "मला तर लगीन होऊन आल्यापासनं वाटतंय की."

मला वाटलं ती माझी समजूत काढतेय. पण तसं नव्हतं. तिच्या माहेरी सीमेकडं कापडाचं दुकान. म्हैस तिनं लांबूनच बघितलेली. पहिल्या वर्षी ती गोठ्यात यायच्या आधी पाण्याच्या टाकीमागं उभी राहून रडायची म्हणे. तिथून आजवर सकाळ-दुपार ती म्हशींच्या पायांतलं शेण काढत आली आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"बोलली न्हाईस कधी?"

"तुमी इचारलासा कधी? तुमच्या घरात समदी म्हशीच्या दुधावर वाढलेली. कुनाला सांगायचं?"

"मग जातीस कशी जवळ?"

"जाते. आधी हाक मारते, मान खाजवते, बोलते तिच्यासंगं. मग वाकते. भ्या जात न्हाय, पर काम व्हतंय." मग ती मैनेकडं बघून म्हणाली, "तुमी चार-पाच म्हयने तिच्याखाली गप बसून ऱ्हातायसा. ती तरी काय समजंल?"

धारेला स्टूल घ्या असं सरोजा कधीची म्हणत होती, ते मी कबूल केलं. तोवर मी त्याला नाही म्हणत होतो, कट्ट्यावर स्टुलावर बसून धार काढणारा माणूस आम्ही कधी बघितला नव्हता. पण स्टुलावर बसलं की चरवी गुडघ्यांत धरता येत नाही, आणि खाली ठेवावी तर मैना पायानं उडवते. चरवी धरायला कुणीतरी पाहिजे. मी शिवाचं नाव काढलं.

"त्याला ती लाथ मारती," सरोजा म्हणाली. "मी येते."

आता

आता कसं आहे, ते सांगून टाकतो, कारण असलं काही वाचणारा माणूस तेच शोधत असतो. तूप सोडलं, वजन उतरलं. मांडीचा व्यायाम रोज करतो आणि रोज त्याला शिव्या देतो. काठी वापरतो. सूज उतरलीय, दुखणं निम्म्यावर आलंय. गुडघा त्यानंतर एकदाच सुटला, तेव्हा हातात काठी होती. घट्ट झालेलं हाड तसंच आहे आणि पोकळ्याही आहेत. पुढं कधी गुडघा बदलायची वेळ येईल का, ते मला माहीत नाही. दर तपासणीला जाताना पाय गार पडतात. तुमचेही पडत असतील तर घरात कुणाला तरी सांगा, एवढंच मी म्हणेन.

मैना अजून आमच्याकडंच आहे. तिला बाजार दाखवायची वेळ का आली नाही, ते सांगून थांबतो.

सरोजा येते म्हणाली त्याच संध्याकाळी आम्ही तिघं चौकात गेलो, मी, सरोजा आणि मैना. आमच्या घरातली बाई कट्ट्यावर धारेला बसलेली चौकानं बघितली नव्हती.  मास्तर ग्लास घेऊन पुढंच उभे होते. मी मैनेची मान खाजवली, तिला हाक दिली. मग स्टुलावर बसलो, कपाळ तिच्या कुशीला टेकलं आणि तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायला लागलो. भ्या वाटतंय गं मला, पाय साथ देत न्हाय, तू हलू नगंस. मागच्यांनी ऐकलं असेल तर ऐकलं. सरोजा शेजारी उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हातांनी चरवी कासेखाली धरली.

बराच वेळ काही आलं नाही. मी बोलत राहिलो. मग बोटांखाली सड भरलेलं लागलं आणि पहिली धार चरवीच्या काठावर लागून बाहेर उडाली. दुसरीही तशीच उडाली. माझा हात सरळ होता, म्हणून मी खाली बघितलं. चरवी हलत होती. सरोजाचे हात कोपरापर्यंत कापत होते आणि तिची नजर मैनेच्या मागच्या खुरावर होती.

"सरू, ऊठ," मी हळूच म्हणालो. "जा बाजूला. मी बघतो कसं करायचं ते."

तिनं चरवी आणखी जवळ आणली.

"तुमी धार काढा," ती म्हणाली.